स्कूटरच्या मोटरमधला चुंबक काढायचा ठरवला, तर इंडक्शन मोटरकडे परत का जाता येत नाही?

प्रश्न: विद्युतयंत्रे_शिक्षक

नमस्कार. मी एका तंत्रनिकेतनात विद्युतयंत्रे हा विषय शिकवतो. मागच्या आठवड्यात तिसऱ्या वर्षाच्या वर्गात एका विद्यार्थिनीने एक प्रश्न विचारला. मी दिलेल्या उत्तराने तिचे समाधान झाले नाही, आणि घरी येऊन विचार केल्यावर माझेही झाले नाही. म्हणून तो येथील जाणकारांपुढे ठेवत आहे.

विषय निघाला तो चुंबकांच्या टंचाईवरून. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने डिस्प्रोसियम, टर्बियम यांसह सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या आणि ती वापरून केलेल्या चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. अशा चुंबकांपैकी सुमारे ९० टक्के चीनमध्येच तयार होत असल्यामुळे आपल्याकडील विजेवरच्या दुचाकींच्या उत्पादनाला त्याची थेट झळ बसली. हे सांगून झाल्यावर ती म्हणाली, "सर, आमच्या विहिरीवरच्या पंपाच्या मोटरमध्ये चुंबक नाही, रेल्वे इंजिनाच्या मोटरमध्येही नाही. मग स्कूटरलाच तो का लागतो?"

मी कार्यक्षमतेचे कारण दिले. इंडक्शन मोटरमध्ये रोटरला, म्हणजे फिरणाऱ्या भागाला, लागणारा प्रवाह प्रवर्तनाने मिळवावा लागतो, त्यासाठी स्लिप, म्हणजे फिरत्या क्षेत्रापेक्षा रोटरचे थोडे मागे राहणे, लागते, आणि जितकी स्लिप तितका ऊर्जेचा हिस्सा रोटरच्या पिंजऱ्यात उष्णता होऊन जातो. फळ्यावर ५ अश्वशक्तीच्या पंपाचे गणितही मांडले. पाटीवर १,४४० फेरे, क्षेत्राचा समकालिक वेग १,५००, म्हणजे स्लिप ४ टक्के; दांड्यावर ३.७ किलोवॉट मिळवायचे तर स्थिर स्टेटर आणि रोटर यांच्यामधल्या हवेच्या फटीतून सुमारे ३.८५ किलोवॉट पलीकडे जातात, आणि त्यांतले दीडशे वॉटहून थोडे अधिक रोटरमध्येच तापून जातात. तिने गणित वहीत उतरवून घेतले आणि विचारले, "चार टक्क्यांसाठी आपण सगळा धंदा दुसऱ्या देशावर सोपवला का?"

तेव्हा मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. स्कूटरमध्ये चुंबक असण्याचे खरे कारण हे चार टक्केच आहे, की पुस्तकात न येणारे आणखी काही आहे? आणि चुंबक टाळण्याचे किंवा निदान दुर्मिळ मृदा टाळण्याचे जे संशोधन चालू आहे, ते विद्यार्थ्यांना विश्वासाने सांगावे इतके पुढे गेले आहे का? मोटर डिझाइनमध्ये प्रत्यक्ष काम केलेल्यांनी उत्तर दिले तर फार उपकार होतील.

उत्तर: घाटातला_इंजिनवाला

सर, मी मोटर डिझाइन केलेली नाही, पण रेल्वेच्या विद्युत इंजिनांच्या देखभालीत एकतीस वर्षे काढली आहेत. आपल्या विद्यार्थिनीने रेल्वेचे उदाहरण घेतले हे फार चांगले झाले, कारण रेल्वेने चुंबक न घेण्यामागचे कारण कार्यक्षमतेच्या गणितात सापडत नाही.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही देशातील पहिली विजेची गाडी धावली ती १,५०० व्होल्ट डीसीवर, आणि त्यानंतर सात-आठ दशके आमच्याकडे डीसी सिरीज मोटरचेच राज्य होते. जागेवरून गाडी उचलताना तिच्या टॉर्कला तोड नव्हती, पण तिला कम्युटेटर, म्हणजे कार्बनच्या ब्रशमधून रोटरला प्रवाह देणारे तांब्याचे फिरते कडे, होता. पावसाळ्यात पहाटेच्या तपासणीला खाली उतरून झाकण उघडले की कार्बनची काळी भुकटी आणि ओल यांचा चिकट थर हाताला लागायचा, आणि त्या दिवशी घाटात फ्लॅशओव्हर (कम्युटेटरवर ठिणगीचा भडका) होणार की नाही हे त्या थरावरून ओळखणारे फिटर आमच्याकडे होते. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून तीन फेजची इंडक्शन मोटर असलेली इंजिने आली आणि हा सगळा प्रकार संपला: कम्युटेटर नाही, ब्रश नाही, रोटरमध्ये दांड्या आणि दोन टोकांची कडी, बस. मुंबईच्या लोकललाही पुढे त्याच मोटर बसल्या आणि २०१६ पर्यंत मुंबईतली डीसी वाहिनीही इतिहासजमा झाली.

आता चुंबकाचा मुद्दा. डब्ल्यूएजी-९ या मालगाडीच्या इंजिनात प्रत्येकी ८५० किलोवॉटच्या सहा मोटर असतात आणि एका बोगीतल्या, म्हणजे इंजिनाखालच्या तीन आसांच्या चाकगाड्यातल्या, तिन्ही मोटर एकाच कन्व्हर्टरच्या वीजपुरवठ्यावर समांतर जोडलेल्या असतात. नव्या चाकाचा व्यास १,०९२ मिलिमीटर. झिजत झिजत तो १,०१६ पर्यंत चालवता येतो. एका बोगीतली चाके आम्ही जवळच्या मापाची ठेवतो, तरी दोन-तीन मिलिमीटरचा फरक राहतोच. रुळावर सगळी चाके एकाच वेगाने पुढे जातात, म्हणजे लहान चाकाची मोटर थोडी जास्त फिरणार. इंडक्शन मोटर हा फरक स्लिपमध्ये पोटात घालते. एक मोटर थोडा कमी भार घेते, दुसरी थोडा जास्त, आणि काम चालते. चुंबकाची मोटर मात्र पुरवठ्याच्या वारंवारतेला काटेकोर बांधलेली असते, त्यामुळे तिथे प्रत्येक मोटरमागे हव्या त्या वारंवारतेची वीज देणारा स्वतंत्र इन्व्हर्टर लागतो. ज्या स्लिपला आपण वर्गात तोटा म्हणालात, ती आमच्याकडे सोय आहे.

दुसरे कारण सुरक्षेचे आहे. इंडक्शन मोटरचा पुरवठा तोडला की क्षेत्र मरते आणि ती नुसते फिरणारे लोखंड होते. चुंबक बंद करता येत नाही. एखाद्या मोटरच्या वाइंडिंगमध्ये शॉर्ट झाला आणि गाडी तर पुढे न्यायची आहे, अशा वेळी फिरणारा चुंबक त्या शॉर्टला वीज पुरवतच राहतो. त्यासाठी वेगळे कॉन्टॅक्टर बसवावे लागतात. हे अशक्य नाही. टोकियो मेट्रोच्या चियोदा मार्गावर २०१० पासून चुंबकाच्या मोटर असलेल्या १६००० मालिकेच्या गाड्या आहेत आणि फ्रान्समधील अल्स्टॉमच्या एजीव्ही गाडीतही त्या आहेत. तिथे वजन, जागा आणि विजेची बचत यांचे मोल जास्त धरले गेले. आमच्या मालगाडीच्या इंजिनाला तर रूळ घट्ट धरण्यासाठी वजन हवेच असते.

एक गैरसमज दूर करतो, कारण तो नव्या मुलांमध्ये मला वारंवार दिसतो. ब्रेक लावताना वीज परत मिळवण्यासाठी चुंबक लागतो असे नाही. बोरघाटात ३७ला १ असा उतार आहे; तिथून उतरणारे इंडक्शन मोटरचे इंजिन सगळा उतार वाहिनीत वीज परत टाकत उतरते.

उत्तर: फटीतले_क्षेत्र

वरील प्रतिसाद मला फार आवडला. मी पुण्यात दुचाकी व तीनचाकीच्या मोटर डिझाइनचे काम करतो, म्हणून स्कूटरच्या बाजूने लिहितो. सरांच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे: चार टक्के हे खरे कारण नाही. कारण आकाराचे आहे, आणि त्याहून अधिक ध्रुवांच्या संख्येचे.

मोटरमध्ये हवेच्या फटीत चुंबकीय क्षेत्र उभे करावे लागते. ते वाइंडिंगने करायचे तर ॲम्पिअर-टर्न (प्रवाह गुणिले वेटोळी) लागतात, आणि ॲम्पिअर-टर्न म्हणजे तांबे व उष्णता. निओडिमियम-लोह-बोरॉनचा ३ मिलिमीटर जाडीचा तुकडा सुमारे २,७०० ॲम्पिअर-टर्नचे काम करतो, एक वॉटही न खाता. आता मोटर लहान करत न्या. तांब्याला मिळणारी जागा लांबी-रुंदी दोन्हीकडून आक्रसते, म्हणजे आकार निम्मा केला तर खाचेचे क्षेत्रफळ चौथाई उरते. फट मात्र त्या प्रमाणात कमी करता येत नाही; बेअरिंगची ढिलाई आणि दांड्याचा बाक धरला तर पंचवीस-तीस शतांश मिलिमीटरच्या खाली कारखान्यात कोणी जात नाही. तेव्हा लहान मोटरमध्ये तांब्याचा मोठा हिस्सा नुसते क्षेत्र उभे करण्यात खर्च होतो, टॉर्कसाठी थोडाच उरतो. ८५० किलोवॉटच्या मोटरला हा भार जाणवतही नाही. चुंबक जितका पातळ तितके त्याचे ॲम्पिअर-टर्न कमी, एवढेच बंधन त्याला आहे. म्हणून यंत्र जसे लहान होत जाते तसा वाइंडिंगच्या तुलनेत चुंबक वरचढ ठरत जातो.

ध्रुवांची गोष्ट याहून निर्णायक आहे. स्कूटरच्या चाकात बसणारी हब मोटर गिअरशिवाय थेट चाक फिरवते, म्हणजे वेग कमी, टॉर्क जास्त आणि ध्रुव पुष्कळ. इंडक्शन मोटरमध्ये ध्रुवांची संख्या वाढवली की मॅग्नेटायझिंग रिॲक्टन्स (क्षेत्र उभे करणाऱ्या प्रवाहाला होणारा अडथळा) ध्रुवसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात घसरतो. चार ध्रुवांऐवजी चाळीस केले तर तो शंभराव्या हिश्शावर येतो, आणि अशी मोटर बॅटरीतून मुख्यतः क्षेत्रासाठीच प्रवाह ओढत बसेल. आपल्या विद्यार्थिनीला हे जरूर सांगा: चाकातल्या मोटरला इंडक्शनचा पर्याय कागदावरही टिकत नाही. चार किंवा सहा ध्रुवांची, दहा-बारा हजार फेऱ्यांनी फिरणारी आणि गिअर जोडलेली इंडक्शन मोटर मात्र वाहनात उत्तम चालते. टेस्लाची २००८ ची रोडस्टर आणि २०१२ ची मॉडेल एस इंडक्शनवरच होत्या, आपल्याकडे महिंद्राची ई२ओ होती. तरीही टेस्लाने २०१७ मध्ये मॉडेल ३ साठी चुंबक घेतला. कारण शहरात कमी भारावर गाडी चालते तेव्हा इंडक्शनचा क्षेत्रासाठीचा खर्च चालूच राहतो आणि तो भरून काढायला बॅटरी मोठी घ्यावी लागते.

स्कूटरचे गणित पाहा. किलोमीटरला ३० वॉट-तास धरले तर ३ किलोवॉट-तासांची बॅटरी १०० किलोमीटर नेते. पाटीवरचा फरक चार टक्क्यांचा असला, तरी गर्दीत थांबत-निघत जाताना लहान मोटरमध्ये तो दहा टक्क्यांपर्यंत पोहोचला, असे समजू. मग तेवढेच अंतर कापण्यासाठी सुमारे ३०० वॉट-तास जास्तीची बॅटरी हवी, शिवाय गिअर, शिवाय रोटरमधली उष्णता बाहेर काढण्याची सोय. वाचलेले काही शे ग्रॅम चुंबक आणि वाढलेली ही सामग्री यांची तुलना ज्याने त्याने आपल्या खरेदीभावाने करावी. चुंबक सहज मिळत होता तोवर ती तुलना करण्याची कोणाला गरजच वाटली नाही, ही खंत मला आहे.

उत्तर: कॉइलवाले_सांगली

नमस्कार सर. माझे सांगली जिल्ह्यात रिवाइंडिंगचे दुकान आहे, वडिलांपासून चालत आलेले. पंपाच्या मोटर हे आमचे पोट. पण गेली तीन-चार वर्षे ई-रिक्षा आणि स्कूटरच्या हब मोटरही येऊ लागल्या आहेत, म्हणून दुकानातला एक अनुभव लिहितो.

मागच्या उन्हाळ्यात एक ग्राहक स्कूटर घेऊन आला. त्याची तक्रार मला आधी विचित्र वाटली: "गाडी सपाटीला पूर्वीपेक्षा जोरात पळते, पण मिरजेचा उड्डाणपूल चढत नाही आणि बॅटरी लवकर उतरते." कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही, कारण उन्हात, दोन माणसे आणि दुधाचे कॅन घेऊन ती गाडी रोज चालत होती. वाइंडिंग तपासले, तिन्ही फेजचा रेझिस्टन्स सारखा, मेगरवर इन्सुलेशन ठीक, रोटरची जागा सांगणारे हॉल सेन्सरही ठीक. मग पुलर लावून मोटर उघडली. हे काम करताना बोटे सांभाळावी लागतात, कारण रोटर सुटला की तो स्टेटरवर असा झेप घेतो की मधे आलेले बोट चेचलेच समजा. आमच्या एका कारागिराचे नख त्यातच गेले आहे. आत ५१ खाचांचा स्टेटर आणि कड्याच्या आतल्या अंगाला ४६ चुंबक चिकटवलेले होते. दोन-तीन चुंबकांचे वरचे निकेल फुगून त्यावर गंजाची पावडर आली होती. बाकीचे दिसायला कोरे.

मोटर परत जोडली, लेथवर धरली, मिनिटाला ३०० फेऱ्यांनी फिरवली आणि दोन वायरींमधला व्होल्टेज मोजला. त्याच मॉडेलची एक चांगली मोटर दुकानात होती, तिचाही मोजला. तक्रारीच्या मोटरचा व्होल्टेज पाचव्या हिश्शाने कमी आला. तेव्हा तक्रारीचा अर्थ लागला. चुंबक कमजोर झाला की रिकामा वेग वाढतो, पण तेवढाच टॉर्क काढायला जास्त ॲम्पिअर लागतात. गाडी पळते आणि चढ चढत नाही.

पंपाची मोटर कितीही जळाली तरी मी ती दोन दिवसांत उभी करून देतो, कारण तिच्यात फक्त तांबे, वार्निश आणि लोखंड आहे आणि तिन्ही बाजारात मिळतात. ही मोटर मला दुरुस्त करता आली नाही. सुटे चुंबक कोणी विकत नाही, चुंबकित करण्याचे यंत्र जिल्ह्यात नाही, आणि कंपनीकडून पूर्ण मोटरच घ्यावी लागते. संशोधन करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. माझा प्रश्न असा की, उष्णतेने चुंबक असा कायमचा का उतरतो, आणि याला उपाय आहे का?

उत्तर: फटीतले_क्षेत्र

आपण लेथवर केलेली चाचणी आमच्या प्रयोगशाळेतल्या पहिल्या चाचणीपेक्षा वेगळी नाही, आणि निष्कर्षही अचूक आहे.

मसातो सागावा यांनी जपानमध्ये आणि जॉन क्रोट यांनी अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, निओडिमियम-लोह-बोरॉनचा चुंबक तयार केला. खोलीच्या तापमानाला त्याच्यासारखा दुसरा चुंबक नाही. पण तापत गेला की विरोधी क्षेत्राला तोंड देण्याची त्याची ताकद झपाट्याने कमी होते. चढावर कंट्रोलर मोटरमध्ये मोठा प्रवाह सोडतो तेव्हा स्टेटरचे क्षेत्र चुंबकाच्या विरोधातही जाते; चुंबक त्या क्षणी सव्वाशे-दीडशे अंशांवर असेल तर त्याचे काही कण उलटतात आणि थंड झाल्यावरही परत सरळ होत नाहीत. आपल्या ग्राहकाचे दुधाचे कॅन आणि सांगलीचा मे महिना यांनी हेच केले असावे. ही ताकद वाढवण्यासाठी चुंबकात थोडे डिस्प्रोसियम किंवा टर्बियम घालतात, आणि एप्रिल २०२५ च्या सातांच्या यादीत ही दोन्ही होती. खुद्द निओडिमियम त्या यादीत नव्हते. म्हणून संशोधनाची पहिली वाट निओडिमियम ठेवून डिस्प्रोसियम-टर्बियमसारखी जड मूलद्रव्ये वगळण्याची आहे. चुंबक म्हणजे सूक्ष्म कणांची गच्च वीण असते आणि उलटण्याची सुरुवात कणांच्या कडेपासून होते. तेव्हा डिस्प्रोसियम सगळ्या चुंबकात न मिसळता फक्त कडांवर मुरवले तर थोडक्यात काम भागते. होंडाने दाइदो स्टीलच्या साहाय्याने कण मुळातच बारीक ठेवून २०१६ मध्ये जड दुर्मिळ मृदा अजिबात नसलेला चुंबक हायब्रिड गाडीत बसवला. स्कूटरच्या बाबतीत मोटर थंड ठेवणे हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि चाकाच्या बंद डब्यात तोच सगळ्यात अवघड आहे.

भारतासाठी या वाटेला विशेष अर्थ आहे. केरळ, तमिळनाडू, ओडिशा आणि आंध्रच्या किनाऱ्यावरील वाळूत मोनाझाइट आहे. त्यात थोरियम असल्यामुळे ते अणुऊर्जेच्या कक्षेत येते आणि आयआरईएल ही सरकारी कंपनी त्यावर प्रक्रिया करते. त्यात निओडिमियम आहे, पण डिस्प्रोसियम काढण्याजोगे नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वर्षाला ६,००० टन चुंबकांच्या क्षमतेसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. खनिजापासून धातू, धातूपासून मिश्रधातू आणि त्यापासून चुंबक ही मधली साखळी आपल्याकडे नव्हती, ती उभी करण्याचा हा प्रयत्न आहे.

दुसरी वाट मला स्वतःला अधिक जवळची आहे: फेराइट. लाउडस्पीकरमागचा काळा चुंबक तो हाच. लोखंडाचा ऑक्साइड आणि स्ट्राँशियम, दोन्ही मुबलक. विजेची बचत करणाऱ्या बहुतेक बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरच्या) पंख्यांमध्येही हाच असतो आणि ७५ वॉटचा पंखा त्याच्या जोरावर तिशीच्या आसपास आला. फेराइटचे क्षेत्र निओडिमियमच्या तिसऱ्या हिश्शाइतकेच, सुमारे ०.४ टेस्ला, म्हणून त्याच जागेत तो बसवला तर मोटर लुळी पडते. पण त्याचा एक गुण कॉइलवाल्यांच्या प्रश्नाला थेट लागू पडतो. तो तापल्यावर त्याचे क्षेत्र कमी होते खरे, मात्र विरोधी क्षेत्राला तोंड देण्याची त्याची ताकद वाढते. त्याला धोका असलाच तर लडाखच्या थंडीत आहे, सांगलीच्या उन्हात नाही.

फेराइटची कमतरता भरून काढण्यासाठी रिलक्टन्सचा टॉर्क वापरतात. रोटरच्या पत्र्यात कमानीसारख्या फटी कापल्या की चुंबकीय रेषांना एका दिशेने जाणे सोपे आणि दुसऱ्या दिशेने अवघड होते, आणि सोपी दिशा क्षेत्राच्या ओळीत आणण्यासाठी रोटर वळतो. दोन दिशांतील इंडक्टन्सचे गुणोत्तर जितके मोठे तितके चांगले. ते ३ असेल तर मिळू शकणारा पॉवर फॅक्टर (पुरवलेल्या प्रवाहातला प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) जास्तीत जास्त ०.५ असतो आणि ७ असेल तर ०.७५; म्हणजे नुसत्या रिलक्टन्सवर चालायचे तर इन्व्हर्टर फुगतो. त्या फटींमध्ये फेराइट भरले की पॉवर फॅक्टर सुधारतो. कारखान्यातील पंप-पंख्यांसाठी चुंबक नसलेल्या अशा मोटर एबीबीने २०११ पासून बाजारात आणल्या आहेत. वाहनात अडचण येते ती वेगाची. फटींमधले पत्र्याचे तुकडे परिघाशी अर्ध्या मिलिमीटरच्या पट्टीने धरलेले असतात. पट्टी जाड केली तर रेषा तिच्यातून पळतात, बारीक ठेवली तर वेगात ती ताणाने तुटते. माझे गेले वर्षभराचे बहुतेक दिवस याच अर्ध्या मिलिमीटरवर गेले आहेत.

इतर वाटांविषयी थोडक्यात. रोटरवर वाइंडिंग घालून त्याला स्लिप रिंगमधून प्रवाह देण्याची पद्धत रेनोच्या झोईमध्ये आणि बीएमडब्ल्यूच्या आयएक्स३ मध्ये आहे; कारला ती परवडते, स्कूटरला नाही. स्विच्ड रिलक्टन्स मोटर रचनेने सगळ्यांत साधी आणि कॉइलवाल्यांना सगळ्यांत सोयीची, कारण तिच्यात चुंबकही नाही आणि रोटरला पिंजराही नाही. रॉबर्ट डेव्हिडसन यांनी १८४२ मध्ये स्कॉटलंडमध्ये रुळावर चालवलेल्या विजेच्या इंजिनात याच तत्त्वाची मोटर होती. आवाज, टॉर्कमधले हिसके आणि नेहमीच्या तीन पायांच्या इन्व्हर्टरवर न चालणे या तीन गोष्टी तिच्या आड येतात. आवाजावरचे काम पुढे सरकत आहे, आणि ट्रॅक्टर किंवा मालवाहू तीनचाकीत थोडा आवाज कोणाला खटकणार नाही.

प्रतिसाद: विद्युतयंत्रे_शिक्षक

सर्वांचे मनापासून आभार. ध्रुवसंख्येच्या वर्गाचा मुद्दा पंचवीस वर्षे शिकवत असलेल्या सूत्रातच दडलेला होता आणि मी तो या दृष्टीने कधी पाहिला नाही. आज वर्गात घाटातील इंजिनाची चाके, सांगलीची हब मोटर आणि चाळीस ध्रुवांचे गणित या क्रमाने सांगितले. विद्यार्थिनीचा पुढचा प्रश्न असा: तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत रिलक्टन्स रोटर करून पाहता येईल का? आमच्याकडे व्होल्टेज कमी-जास्त करणारा डिमरस्टॅट, मीटर आणि लेथ आहेत. रोटरच्या स्थितीनुसार प्रवाह देणारा व्हेक्टर कंट्रोलचा ड्राइव्ह नाही.

उत्तर: फटीतले_क्षेत्र

ड्राइव्हशिवाय मोटर चालवता येणार नाही, पण तिच्या गुणाचा गाभा मोजता येईल, आणि विद्यार्थ्यांसाठी मी तोच प्रयोग सुचवीन. चार ध्रुवांचा, शक्यतो ३६ खाचांचा जुना इंडक्शन स्टेटर घ्या. रोटरसाठी सिलिकॉन स्टीलचे पत्रे वायरकटवर कमानीच्या फटींसह कापून घ्या. नमुन्याची आकृती मी पाठवतो. जुन्याच रोटरला चार बाजूंनी सपाट करण्याचा मोह टाळा, कारण त्यातला ॲल्युमिनियमचा पिंजरा शिल्लक राहिला तर त्यात प्रवाह वाहून मोजमाप खोटे येते. मग दोन टोकांना डिमरस्टॅटवरून कमी व्होल्टेज द्या, रोटर हाताने हळूहळू फिरवा आणि प्रवाहाचे सर्वांत मोठे व सर्वांत छोटे वाचन टिपा. वाइंडिंगचा रेझिस्टन्स वजा धरला की त्या दोन वाचनांचे गुणोत्तर म्हणजेच वर सांगितलेले इंडक्टन्सचे गुणोत्तर. पहिल्या प्रयत्नात ३ च्या पुढे गेलात तर काम नीट झाले असे समजा. परिघावरची पट्टी प्रत्येक वेळी थोडी बारीक करून तेच वाचन पुन्हा घेतले, तर मी वर्षभर जे करतो आहे ते त्यांना एका दुपारी दिसेल.

प्रतिसाद: कॉइलवाले_सांगली

सर, ५ अश्वशक्तीचे दोन जळालेले स्टेटर दुकानात पडून आहेत, दोन्ही ३६ खाचांचे, स्टॅम्पिंग चांगले आहे. एक मी नवीन तांब्याने भरून ठेवतो. दुसऱ्याचे जुने वाइंडिंग तसेच ठेवले आहे. ते मुलांनी स्वतः काढून, खाचा साफ करून भरावे. शनिवारी दुकान संध्याकाळी सातपर्यंत उघडे असते. येताना रोटरच्या आकृतीची एक प्रत माझ्यासाठीही आणावी.